अकरा फायली, शून्य केबी

चाकणची कंपनीची बस सात दहाला रहाटणी फाट्यावर यायची, आणि सात वाजता मोनिका एका पायात बूट घालून दुसरा शोधत होती.

"अण्णा, पेन ड्राइव्ह द्या लवकर. गेटसमोर प्रिंट काढायचीय, आज ऑडिट आहे."

तिची फाईल आदल्या दिवशीच त्यात टाकलेली होती. पण अण्णांना, म्हणजे तिच्या वडिलांना, किसनरावांना, सकाळी सकाळी आपल्या फायली त्यातच हलवायचं सुचलं होतं. जुन्या कंपनीतल्या अकरा कामगारांना गाठून, फोन समोर धरून त्यांनी त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. कॉम्प्युटरची डिस्क भरत आली, म्हणून कट करून पेन ड्राइव्हमध्ये पेस्ट चाललं होतं. कॉम्प्युटर जुना, त्यावर पुतण्या सनीने लिनक्स टाकून दिलेलं. पडद्याच्या कडेला अण्णांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता: 'बाणाचं बटण दाबावे. काढता येईल असा निरोप येईपर्यंत हात लावू नये.' बत्तीस वर्षं टूलरूममध्ये तपासणीवर काढलेला माणूस. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचा.

"झालं की अण्णा. पट्टी भरली."

"पट्टी भरली गं. लिहून झालं नाही. दिवा बघ, लुकलुकतोय. बाण दाबू दे, थांब."

"बस थांबणाराय का माझ्यासाठी?" असं म्हणत तिने पेन ड्राइव्ह ओढून घेतला.

"अगं..." एवढंच ते म्हणाले. मग, "दुसरा बूट दाराआड आहे. जा."

प्रिंट निघाली. ऑडिट पार पडलं. दोन वाजता आईचा फोन आला तेव्हा मोनिका कॅन्टीनमध्ये ताट धुवायला ठेवत होती. अण्णा भाजी घेऊन जिना चढताना बसले, ते उठलेच नाहीत.

पुढचे दिवस माणसांनी भरलेले गेले. मोनिका कोणी आलं की पाणी द्यायची, कोणी गेलं की चपला सरळ लावायची, आणि मधल्या वेळात या खोलीतून त्या खोलीत उगाच फिरायची. आई सोजरबाई म्हणायची, "बस की पोरी जरा," आणि ती बसायची, आणि उठायची. पेन ड्राइव्ह पर्समध्येच होता. तो बघायचा धीर होत नव्हता.

विहारात अण्णांचं पुण्यानुमोदन, म्हणजे स्मरणाचा विधी, होता त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, धम्मपाल आला. अण्णांच्या जुन्या सोबत्याचा, कोंडाजींचा मुलगा. कोंडाजी मागच्या वर्षी गेले.

"मोनिकाताई, काकांकडे आमच्या बाबांचं रेकॉर्डिंग होतं. उद्या दोन मिनिटं लावावं म्हणतो. आमच्याकडे त्यांचा आवाजच नाही हो. लग्नाच्या व्हिडिओत आहेत, पण तिथं बँडच जास्त."

सनी खुर्ची ओढून बसला. पेन ड्राइव्ह लावला. अकरा नावं ओळीने दिसली, आणि प्रत्येकापुढे शून्य केबी.

"गेलं, भावा. अण्णांनी तसाच ओढला असणार. पट्टी भरली तरी माल आत पोचलेला नसतो, बाण दाबला की मग सगळा उतरतो. आणि कट केलेलं, म्हणजे इकडंही नाही." त्याने कागदावर टिचकी मारली. "बघ की राव, एवढं लिहून ठेवलंय आणि स्वतःच..."

"किसनकाका? ते तर नटसुद्धा मोजून द्यायचे."

"वय झालं की होतं."

"ध्यान नव्हतंच त्यांचं हल्ली," आई पदराने डोळे टिपत म्हणाली.

धम्मपाल उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "भरवसा होता म्हणून दिलं होतं."

मोनिका चहाचे कप गोळा करत होती. एक कप तिने दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

सगळे गेल्यावर ती कॉम्प्युटरसमोर बसली. इंटरनेटवर वाचत गेली. पेन ड्राइव्ह अनमाउंट करून, म्हणजे न उपसता कॉम्प्युटरपासून सोडवून, तपासणीची आज्ञा द्यायची, मग नावापासून तुटलेले तुकडे असले तर ते वेगळे निघतात. तिने आज्ञा दिली, उठून गॅलरीत गेली, परत आली, परत गेली. चार तुकडे निघाले, नाव नसलेले. तीन नुसतीच खरखर. चौथ्यात एक जाड, दमेकरी आवाज: "आमी लातूरहून आलो तवा पिंपरीत वळखीचं एक माणूस न्हवतं..." आणि मध्येच, अगदी जवळून, अण्णा: "राहिलास कुठं मग?" कोंडाजी उत्तर द्यायला लागले आणि आवाज तुटला. एक मिनिट चाळीस सेकंद.

तिने ते पाच वेळा ऐकलं. हे दिलं की धम्मपालचं काम भागत होतं. आणखी काही बोलायची गरज कोणालाच नव्हती. तिने तो तुकडा त्याला पाठवून दिला. तरी रात्री ती गॅलरीत फेऱ्या मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी विहारात साठ-सत्तर माणसं होती. वंदना झाली. धम्मपालने माइकसमोर फोन धरून तुकडा ऐकवला. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. धम्मपाल चांगल्या मनाचा, आवाज सांभाळत म्हणाला, "बाकीच्या दहा जणांचं राहिलं नाही. काकांच्या हातून चुकून गेलं. पण त्यांचा हेतू..."

"न्हाई, माणूस चुकतोच," मागून कोणीतरी समजुतीने म्हणालं.

मोनिका उभी राहिली. आईने तिचा हात धरला, तो तिने सोडवला. माइकपर्यंत चालत गेली नाही. जागेवरूनच बोलली, म्हणून आवाज जरा मोठा लागला.

"अण्णांच्या हातून नाही. ते थांब म्हणत होते. लिहून झालं नाही म्हणाले, दिवा दाखवला. माझी बस होती. मी ओढला तो. तुमच्या सगळ्यांचं मी घालवलं, आणि काल घरात त्यांना नावं ठेवली तेव्हा मी गप्प बसले."