उन्हात घालायच्या वस्तू

बस पुलाच्या मधोमध आली आणि सतरा दिवसांचं धुकं एकदम विरलं. तान शूफेननं डोळ्यांवर हात धरला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते. आता संध्याकाळपर्यंत तिला सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसणार होतं. नदी म्हणजे नुसता चकचकाट, पलीकडचा डोंगर म्हणजे पांढरा ढग. पण बसमध्ये काय चाललंय ते ऐकू येत होतं. चीनमधल्या या चोंगचिंग शहरात हिवाळ्यात ऊन पडणं म्हणजे न कळवता जावई दारात यावा तसं, सगळ्यांची एकच धांदल. जो तो घरी फोन करून सांगत होता, रजया बाहेर काढा.

शूफेन मात्र जागच्या जागी गार पडली. शेजारच्या बाईकडून तिनं एफुआला फोन लावून घेतला. तो वाजून वाजून बंद झाला.

एफुआ तिच्या समोरच्या घरात राहायची. घानाहून आलेली पोर, बालवाडीत इंग्रजी शिकवायची. तीन महिन्यांपूर्वी दोन बॅगा घेऊन जिन्यात बावरून उभी होती, तेव्हापासून शूफेननं तिचा ताबाच घेतला होता. पहिल्याच दिवशी हाताला धरून पोलीस चौकीत नेलं, कारण परदेशी माणसाची नोंद चोवीस तासांत झालेली बरी, नाहीतर पुढे नस्ती कटकट. नळाचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही आणि गार तर प्यायचंच नाही. जिन्यात कुणी 'जेवलीस का' विचारलं तर 'जेवले' म्हणून पुढे चालायचं, त्यांच्या घरात जाऊन टेबलाशी बसायचं नाही. हे एकदा झालं होतं, म्हणून सांगावं लागलं. शेजारणीनं वाडग्यातून काही दिलं तर वाडगा रिकामा परत करायचा नाही. एफुआ सगळं वहीत उतरवून घ्यायची आणि शब्द न शब्द तशीच वागायची. शूफेनला त्याचं कोण कौतुक! तीस वर्षं सूतगिरणीत नव्या पोरींना वळण लावलेली बाई ती. अशी शिकाऊ पोर तिला तिथंही मिळाली नव्हती.

आणि रजयांचंही तिनंच शिकवलं होतं. ऊन पडलं की हातातलं काम टाकायचं, रजई खाली अंगणात न्यायची, दांडीवर पसरायची, वेताच्या छडीनं झोडायची. शेजारीण घरात नसेल आणि किल्ली आपल्याकडे असेल, तर तिचीही न्यायची. आज गॅसची नळी तपासायला माणूस येणार होता, म्हणून सकाळी निघताना शूफेननं किल्ली एफुआच्याच हातात दिली होती.

तिच्या पलंगावर दोन रजया होत्या. एक तिची, एक हाइशानची. नवरा जाऊन चौदा महिने झाले, पण त्याची रजई त्याच्या बाजूला तशीच होती. तंबाखू, गुडघ्यांना चोळायचं तेल आणि मानेचा घाम, एवढाच काय तो हाइशान उरला होता. तोही फिका होत चालला होता, म्हणून ती रोज दुपारी एकदाच नाक खुपसायची, जास्त नाही. लेक आली की म्हणायची, आई, कुबट वास येतोय, जरा ऊन दाखव की. पण ऊन खाल्लेल्या रजईला फक्त उन्हाचा वास येतो, हे शूफेनला चांगलं ठाऊक होतं.

बसमधून उतरून ती पायऱ्या चढू लागली. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून लाल, निळे, गुलाबी डाग लोंबत होते, हलत होते. सगळं शहर अंथरुणासकट बाहेर येऊन बसलं होतं, आणि आपण अजून झोपेतच चाललोय असं तिला वाटलं. पाय मात्र भराभर पडत होते.

अंगणात व्यायामाच्या दांड्यांवर, कुंपणावर, बॅडमिंटनच्या जाळीवर रजयाच रजया होत्या. नक्षी काही ओळखू येईना. मग ती एकेका रजईपाशी जाऊन हुंगू लागली. शेजारच्या मौ म्हातारीनं बाकावरून हटकलं, या वयात आंधळी कोशिंबीर खेळतेस का गं? शूफेन पुढच्या रजईकडे वळली.

"मावशी, इकडे," एफुआनं हाक मारली.

शूफेननं समोरच्या जाड, जुन्या कापसाला हात लावला. हात लावताच ओळख पटली. तिनं तोंड आत खुपसलं. उबदार, कोरडा, स्वच्छ वास. ऊन होतं, कापूस होता, बाकी काही नव्हतं. ती पुन्हा हुंगली, कोपऱ्यापाशी, गळ्याकडच्या बाजूला.

"दोन्ही आणल्या," एफुआ म्हणाली. "ही फार जड होती. अर्धा तास झोडली. केवढी धूळ निघाली, मावशी."

ती तळहातावरचा फोड चोळत उभी होती, शाबासकीची वाट बघत. 'तुला कुणी सांगितलं होतं' असं शूफेनच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीला शिकवलं कुणी? ती मौ म्हातारीशेजारी बाकावर बसली. गालांवरून पाणी ओघळत होतं.

"थेंब घातलेत डोळ्यांत," कुणी विचारलं नसताना ती म्हणाली. मग गाल पुसून म्हणाली, "चांगलं केलंस."

एफुआचा चेहरा खुलला असावा; शूफेनला तो नीट दिसत नव्हता.

"अजून दोन तास ऊन आहे," एफुआ म्हणाली. "उशा आणू का? तुम्ही नुसत्या रजया म्हणाला होता, म्हणून मी उशांना हात लावला नाही. दोन्ही वर पलंगावरच आहेत."

शूफेननं मान वर केली.

कुंपणावर, स्कूटरच्या सीटवर, बाकाच्या पाठीवर घरोघरच्या उशा उन्हात फुगून बसल्या होत्या. एकट्या मौ म्हातारीच्याच पाच होत्या. एफुआ त्यांच्याकडेच बघत उभी होती.

"नको," शूफेन म्हणाली. "उशीला ऊन दाखवायचं नसतं."

मौ म्हातारीनं बोलायला तोंड उघडलं. शूफेनकडे बघितलं आणि मिटलं.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

एफुआनं वही काढली आणि लिहून घेतलं.