समितीचा कान

श्रवणतज्ज्ञ बाईंकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची एकच तक्रार असायची, "आवाज येतो हो, पण शब्द लागत नाहीत." शांत खोलीत त्यांना सगळं ऐकू यायचं. चार माणसं एकदम बोलू लागली की मात्र शब्द एकमेकांत कालवले जायचे. बाईंच्या आईचंही तसंच झालं होतं. घरात गप्पा रंगल्या की आई काही न कळताच इतरांचं बघून हसायची, आणि पुढे तर ती गप्पांत बसेनाशीच झाली. कानातलं यंत्र आवाज वाढवायचं, पण त्याबरोबर गोंगाटही वाढवायचं. गोंगाटातून मेंदू शब्द कसे निवडतो, हे बाईंना शोधायचं होतं. त्यासाठी सरकारी निधी हवा, म्हणून त्या आज समितीपुढे उभ्या होत्या.

खोलीत भिंतीवरचा पंखा खडखडत होता आणि कपबशा वाजत होत्या. समितीचे अध्यक्ष निवृत्त सर्जन होते. माणूस करारी, त्यांच्यापुढे कुणाची बोलायची छाती होत नसे.

"यंत्रं आहेत की बाजारात. मग संशोधन कशाला?" त्यांनी विचारलं.

बाईंनी समजावून सांगितलं. अध्यक्ष मान डोलवत राहिले. मग कोपऱ्यातल्या सदस्याने रुग्ण कुठून आणणार असं विचारलं, तर अध्यक्ष मोठ्याने हसले. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. बाकीचेही आपले उगीच हसले.

न कळता हसलेलं हे हसू बाईंनी घरात आईच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

अध्यक्षांना ऐकू येत नाही, एवढं बोलल्या असत्या, तर त्यांचं म्हणणं जागच्या जागी सिद्ध झालं असतं. पण चारचौघांत माणसाचं वस्त्र फेडल्यासारखं झालं असतं ते. "मला जरा त्रास होतोय," म्हणत त्यांनी पंखा बंद करवला आणि खुर्ची ओढून त्या थेट अध्यक्षांसमोर बसल्या. मग एकेक वाक्य सावकाश बोलल्या. अध्यक्षांचा चेहरा उजळला आणि त्यांनी नेमके, बोचरे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

नंतर बाहेर व्हरांड्यात अध्यक्षांनी बाईंना गाठलं.

"पंखा तुम्ही माझ्यासाठी बंद करवलात ना?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"बायको वर्षभर मागे लागलीये. मी म्हणतो, तूच पुटपुटतेस." ते कसंनुसं हसले. "माझे कान तपासाल?"

"तपासीन. पण निकाल लागल्यावर. आत्ता तुम्ही माझे परीक्षक आहात."

"आणि आज सकाळपासून बाकीचे जे बोलून गेले? त्यांचं निम्मं मला कळलेलंच नाही."

"ते त्यांना सांगायला हवं, सर."

अध्यक्ष आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला सगळं उघड सांगून टाकलं, स्वतः बाजूला झाले आणि सगळ्या अर्जदारांचं शांत खोलीत पुन्हा ऐकून घ्यायला लावलं. तोतरेपणावर काम करणारी एक तरुणी पहिल्या वेळी घाबरून अगदी हळू बोलली होती. दुसऱ्यांदा तिचं म्हणणं सगळ्यांच्या मनात भरलं, आणि मोठा निधी तिला मिळाला. बाईंच्या वाट्याला एका मदतनिसापुरता आला.

"स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलास," नवरा म्हणाला.

"मारला खरा," बाई म्हणाल्या. त्या चिडल्याच होत्या. निधीअभावी सलग तिसऱ्या वर्षी त्यांचं काम अर्धंच राहणार होतं. पण त्या तरुणीची मांडणी त्यांनी वाचली होती, आणि त्या मांडणीत खोट काढायला त्यांना जागा सापडली नव्हती.

पुढच्या आठवड्यात अध्यक्ष बायकोला घेऊन दवाखान्यात आले. तपासणी झाली, यंत्र बसलं. बायको नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलली. अध्यक्ष चमकून तिच्याकडे पाहायला लागले.

"पुटपुटत नाहीस की तू," ते म्हणाले. "पण हिचं स्वयंपाकघर फार गजबजलेलं असतं हो. तिथे चालेल का हे?"

"तिथे कमीच चालेल," बाईंनी खरं ते सांगितलं. "तेवढंच तर शोधतेय."