उजवा खुबा

“हलू नको,” म्हणत हेमराजनं लोखंडी रॉडचं एक टोक लेकीच्या डाव्या खुब्यावर टेकवलं आणि दुसऱ्याला कान लावला.

“पापा, मैं मशीन थोड़ी हूँ!” रेणू हसली. “अन् दुखते तं उजवा.”

भिलाईच्या रोलिंग मिलमध्ये सव्वीस वर्षं तो असेच बेअरिंग ऐकत आला होता. खराब बेअरिंग घरघरतं, चांगलं गप्प असतं.

डाव्यात बारीक गुणगुण होती. उजव्यात काहीच नव्हतं. रिकाम्या घराच्या भिंतीला कान लावावा, तसं.

“उजवा एकदम साफ हाय.”

“मंग डॉक्टर कावून म्हणते, हाड मरून रायलं?” बायकोनं, नलूनं, विचारलं. “कुबड्या घ्या म्हणते, जिना नको म्हणते, लवकर लहानसं ऑपरेशन करा म्हणते.”

“त्यायले फोटो दिसते. मले आवाज समजते.”

रेणूला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. खुब्याच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पोचत नव्हतं. पण कुबड्या दारामागेच राहिल्या. नेहरू नगरच्या कोचिंगचे तीन मजले ती रोज चढत राहिली. दर रविवारी हेमराज ऐकायचा. एका दुपारी ती झोपलेली असताना त्यानं रॉड जरा खाली, मांडीवर टेकवला. शांतता तिथंही आली होती. त्याला बरंच वाटलं.

पाचव्या महिन्यात, कोचिंगच्या जिन्यावर, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मागून येणाऱ्या मुलीनंही तो ऐकला. रेणू उठू शकली नाही.

सांधा बदलावा लागला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी हेमराजला स्टीलच्या वाटीतलं हाड दाखवलं. पिवळट गोळा, एका बाजूनं खचलेला.

“तेव्हाच आला असतात, तर कदाचित वाचलं असतं.”

“रॉडमंदी आवाज नव्हता, साहेब.”

“रॉडनं हे कळत नाही.”

त्यानं विचारून एका बोटानं हाडाला स्पर्श केला. मग हात जोडले.

सेक्टर दोनच्या क्वार्टरशी आल्यावर तो फाटकातच थांबला.

“नलू, बादलीभर पाणी आण. बाहेरच.”

तिनं बादली त्याच्यापुढं ठेवली. “रेणू?”

“बरी हाय. बोलली माह्यासंगं.”

“मंग कोण गेलं?”

भर दुपारी, कपड्यांसकट, हेमराजनं ते पाणी डोक्यावरून ओतून घेतलं. नलूनं दुसरी बादली आणून ठेवली.