मिउ कारकुनाने न वाचलेली ओळ

मी हमीपत्राचा कागद बोलतोय. श्यांगशानच्या कचेरीत, फडताळाच्या तळाशी पडलोय. माझ्यात एक अक्षर खोटं नाही, हे आधीच सांगून टाकतो. लबाडी केली ती माणसांनी.

बादशहाच्या सरकारला तेव्हा अमेरिकेत शिकायला धाडायला मुलं हवी होती. सगळा खर्च सरकारचा, तरी कुणी पोर देईना. गोरे पोरांना जिवंत सोलतात आणि अंगावर कुत्र्याचं कातडं शिवतात, असं गावोगाव बोललं जायचं. मिउ कारकुनामागे वरून तगादा. मग त्याने बारा वर्षांच्या काइचुनच्या आईला गाठलं. बाई विधवा, अक्षरशत्रू.

"काय लिहिलंय यात?" तिने विचारलं.

"पंधरा वर्षं शिकेल, मग मोठा अंमलदार होईल. लावा अंगठा."

"परत येईल ना नक्की?"

"अहो बाई, सरकार काय तुमचं पोर खाणार आहे?"

तिने अंगठा उमटवला. नेमका त्या ओळीवर, जी मिउने वाचलीच नव्हती: 'आजार वा मृत्यू आल्यास ते दैव समजेन, सरकारला जाब विचारणार नाही.'

नऊ वर्षांनी सरकारचं डोकं फिरलं. पोरं बादशहाच्या हुकुमाने पुरुषांनी राखायच्या वेण्या कापतात, गोऱ्यांसारखी वागतात, म्हणून सगळ्यांना माघारी बोलावलं. काइचुन पूल बांधायला शिकत होता. एकच वर्ष उरलं होतं. त्याला घरी तीन दिवस राहू दिलं आणि युद्धनौकेवर धाडलं. पूल बांधणारा तोफेपाशी! काय अक्कल म्हणावी! तीन वर्षांनी फ्रेंचांनी ती नौका नदीतच जाळली. काइचुन तिच्यावरच होता.

आई धावत कचेरीत आली.

"साहेब, लोक काहीबाही बोलतात. पण कागदावर पंधरा वर्षं आहेत ना? आत्ताशी बाराच झाली."

मिउने मला काढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती ओळ पुन्हा गिळली.

"हो... तीन बाकी आहेत," म्हणाला. भेकड मेला!

आज पंधरा पुरी झाली. सकाळपासून ती पायरीवर बसलीय. मांडीवर भाताचं भांडं, त्यात खारवलेलं अंडं, लेकाला आवडायचं. मिउ मागल्या दाराने सटकला.

तुम्हाला वाचता येतं ना? मग मला उचला, तिच्याजवळ बसा आणि ती ओळ मोठ्याने वाचून दाखवा. वाचून झाली की मला फाडून टाका. तिला जाब विचारू दे.