बाईंचा आवाज

मराठीच्या विनताबाईंनी टॅबवर बोट ठेवलं आणि त्यांचाच आवाज त्यांना म्हणाला, "माझी आजी फार प्रेमळ आहे."

विनताबाईंच्या आजीवर असा आरोप कुणी कधी केला नव्हता. फिल्म दुसऱ्याच आजीची होती, सहावीतल्या एका मुलीच्या. पुढची दिवाकरची. चित्रात चेरीताल मोहल्ल्यातलं घर, पिंजऱ्यातला पोपट, आणि वर पुन्हा बाईच: "मी रोज क्रिकेट खेळतो." शेवटी एक उसासा आणि "चलो, पुढचा."

मुलांनी घरचे फोटो जोडून त्यावर आपल्या आवाजात गोष्ट सांगायची होती. हिंदी मुलखातली शाळा; मराठी सगळ्यांना कळायचं, बोलायचं म्हटलं की जीभ हिंदीकडे पळायची. मग जो तो येऊन म्हणे, "मॅडम, एक बार बोल के दिखाइए ना." बाई बोलून दाखवत. पोरांनी फिल्मवर तेच ठेवून दिलं. मेहनत वाचली, उच्चार शुद्ध. सौदा वाईट नव्हता.

शाळेचे व्यवस्थापक बापूसाहेब दारातून डोकावले.

"शनिवारी कमिटी येऊन राहिली, मॅडम. पोरं मराठीत बोलली तर तुमचा मराठीचा तास राहील. नाही तर कॉम्प्युटरवाले मागूनच राहिले तो."

"बोलतील."

"अच्छा. थकल्यासारख्या दिसता."

"नुसती दिसत नाही, बापूसाहेब. ऐकूही येतंय."

ते गेले. बाईंनी शेवटची फिल्म लावली, मनीषाची. कमानिया गेटजवळचं बांगड्यांचं दुकान.

"माझे बाबा दुकान चालवतात," फिल्ममधल्या बाई म्हणाल्या.

"माझे बाबा दुकान चलाते," मनीषा म्हणाली.

"चालवतात. पुन्हा."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला होता. खुर्ची सरकली, चपला फटफटत दाराबाहेर गेल्या. रेकॉर्डिंग चालूच राहिलं. थोडा वेळ नुसती पंख्याची घरघर. मग पोरगी एकटीच बोलायला लागली, भराभर.

"गिऱ्हाईक नाही आलं ना, तर बाबा काच पुसत बसतात. पुसलेलीच काच. मी म्हटलं, काहून पुसता? तर म्हणे, हात खाली दिसला की लोकांना वाटते धंदा बैठ गया. मग मी पण फडका घेतला. अब दोनों तरफ से पुसतो. मधातून बाबांचं तोंड दिसते. मी हसली की ते पण..."

चपला परत आल्या. मनीषा गप्प झाली.

"हं, चलो. म्हण, माझे बाबा..."

बाईंनी फिल्म मागे नेली, पुन्हा ऐकली, आणि या वेळी चपला यायच्या आधीच थांबवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकी वर्ग मैदानावर सोडला आणि दिवाकरला एकट्याला टॅबसमोर बसवलं.

"मॅडम, आप नहीं बोलेंगी?"

"नाही. पोपटाचं सांग. जसं येईल तसं."

बटण दाबून त्या बाहेर आल्या, दार ओढून घेतलं.

व्हरांड्यातून बापूसाहेब येत होते. "काहून बाहेर उभ्या, मॅडम? तास नाही का?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग वाकून पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीकडेला ठेवून दिल्या.