बेसमेंटमधली पांढरी भिंत

ऑक्टोबरच्या शेवटी एक बाई फुटपाथवर उभी राहून पद्मजाबाईंच्या घराचे फोटो काढत होती. विनिपेगच्या त्या भागातली घरं जुनी, नदीकाठची, पुढे मोठाली एल्मची झाडं. फोटो काढणारे अधूनमधून यायचेच. पद्मजाबाईंनी खिडकीतून हात हलवला. त्या बाईने फोन खाली घेतला आणि पाठ न फिरवता, त्यांच्याकडे बघत बघत, मागे मागे जात निघून गेली.

दोन दिवसांनी एक जोडपं आलं. त्यातला पुरुष थेट बाजूच्या गवतात गुडघे टेकून बेसमेंटच्या खिडकीतून टॉर्च मारून आत बघायला लागला. पद्मजाबाई कोट न घालताच बाहेर आल्या.

"काय हवंय?"

"काही नाही, डॉक्टर," तो म्हणाला आणि उठून गुडघे झटकायला लागला. त्याची बायको पद्मजाबाईंचं शूटिंग करत होती.

ते गेल्यावर पद्मजाबाईंच्या लक्षात आलं, त्याने आपल्याला डॉक्टर म्हणून हाक मारली. दारावर तशी पाटी नव्हती.

त्या खरंच डॉक्टर होत्या, पॅथॉलॉजिस्ट. मुंबईला शिकून इथे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत इथल्याच हॉस्पिटलात मृतदेहांनी काय सोसलं ते शोधत राहिल्या. नवरा रविकांत इंजिनिअर होता. दोन हिवाळ्यांपूर्वी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना तो कोसळला, तो उठलाच नाही. मुलगी जाई मिसिसागाला. "आई, तिथे एकटी कशाला राहतेस, इकडे कॉन्डो बघू," हे तिचं दर रविवारचं. पद्मजाबाई म्हणायच्या, "मेलेल्या माणसांबरोबर जन्म गेला माझा. मला कशाची भीती?"

या सगळ्यामागचा व्हिडिओ दाखवला तो ऑल्गाने. ऑल्गा शेजारीण, त्यांच्याच वयाची, युक्रेनियन. दोघींच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर होत्या. सकाळी एकीचा दिवा लागला नाही तर दुसरी फोन करायची. त्या दिवशी ती टॅब्लेट कोटाखाली धरून आली आणि म्हणाली, "हे तुझंच घर ना?"

घर त्यांचंच होतं. बोलणारा माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज होता. समजूतदार, उबदार आवाज, लहान मुलाला गोष्ट सांगावी तसा. १८८८ साली लंडनच्या गरीब वस्तीत बायकांचे गळे चिरणारा, ज्याला जग जॅक द रिपर म्हणतं तो माणूस कधीच सापडला नाही. का सापडला नाही? कारण तो सर्जन होता आणि बड्या लोकांनी त्याला नाव बदलून कॅनडात पाठवून दिलं. म्हातारपणी तो या घरात राहिला. बायकांच्या शरीरातून काढून नेलेलं जे काही होतं ते बरण्यांत भरून त्याने बेसमेंटमध्ये भिंतीआड ठेवलं. आणि आज या घरात कोण राहतं? मुंबईहून आलेली एक डॉक्टर. मृतदेह कापणारी. तुम्ही याला योगायोग म्हणाल?

मग पद्मजाबाईंचा फोटो. कुठल्याशा जुन्या परिषदेतला, पांढऱ्या कोटातला.

पद्मजाबाई हसल्या. खरोखर हसू आलं त्यांना. "अगं, हे घर बांधलं तोवर त्या खुनांना वीस वर्षं होऊन गेली होती. आणि पहिला मालक धान्याचा व्यापारी. घर घेतलं तेव्हाच रविकांतने सगळं शोधून काढलं होतं."

"मग लिही त्यांना," ऑल्गा म्हणाली.

त्यांनी व्हिडिओखाली लिहिलं. नम्रपणे, चार ओळींत, घर कधीचं, मालक कोण. संध्याकाळी उत्तरं वाचायला बसल्या आणि त्यांचं हसू गेलं. 'काहीच नसतं तर तिने उत्तर का दिलं असतं?' एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, 'धान्याचा व्यापारी. असंच सांगायला सांगितलंय तिला.' आणि बऱ्याच जणांनी एकच शब्द वापरला होता: राखणदारीण. ती राखणदारीण आहे. तिला तिथे नेमलंय.

"आई, यू शुडन्ट हॅव रिप्लाइड," जाई फोनवर म्हणाली. "हे लोक असेच असतात. जस्ट इग्नोर."

"मी खरं तेच लिहिलं गं."

"आय नो. पण त्यांना खरं नकोय."

नोव्हेंबरात बर्फ पडला आणि येणारे कमी होतील असं वाटलं. पण आता रोज सकाळी घराभोवती पावलांचे ठसे दिसायला लागले. बेसमेंटच्या खिडकीपर्यंत आलेले, तिथे घुटमळलेले, परत गेलेले. पद्मजाबाईंनी त्या खिडक्यांना आतून पुठ्ठे लावले. दुसऱ्याच दिवशी पुठ्ठ्यांचा फोटो इंटरनेटवर होता. 'ती आता लपवतेय.'

मग एक दिवस पुढच्या पायरीवर एक छोटं खोकं सापडलं. ग्रोसरीवाले चुकून ठेवून गेले असतील म्हणून त्यांनी ते आत आणून ओट्यावर उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत गोठलेलं एक मूत्रपिंड होतं, अर्धं कापलेलं.

त्यांचं डोकं आपोआप कामाला लागलं. आकार, कडा, आतली रचना. डुकराचं आहे. कुठल्याही खाटकाकडे मिळेल. हे त्यांना क्षणात कळलं. पण त्या काळी लंडनमध्येही अशी एक पेटी कुणाला तरी पोस्टाने आली होती, हे व्हिडिओत होतं. म्हणजे हे पाठवणाऱ्याने विचार करून पाठवलं होतं. दुकानात गेला, निवडलं, घरी नेऊन कापलं, आणि त्यांच्या पायरीपर्यंत चालत आला.

पोलीस आले. अधिकारी तरुण मुलगी होती, चांगली वागली. खोकं घेऊन गेली, साइड डोअरला चांगलं कुलूप बसवा म्हणाली, काही वाटलं तर लगेच फोन करा म्हणाली. व्हिडिओबद्दल आम्ही फारसं करू शकत नाही, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

त्यानंतर पद्मजाबाईंनी एक गोष्ट केली, ती त्यांनी जाईला सांगितली नाही. त्या बेसमेंटमध्ये गेल्या. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या मागे कोपऱ्यात एक विटांची भिंत होती, पांढऱ्या रंगाने रंगवलेली. तिच्या मागे पूर्वीची कोळशाची खोली, असं फर्नेस बसवणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं. भिंत त्यांच्या आधीच कुणीतरी बांधलेली. रविकांतने फक्त रंग दिला. मागे काय आहे ते दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं त्या तिच्या शेजारी कपडे धुवत होत्या.

त्यांनी भिंतीला कान लावला. मग बोटाने टकटक केली. आवाज पोकळ आला. आत खोली आहे म्हणजे पोकळ येणारच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, पण जिना चढताना त्या मागे वळून बघत होत्या. धुवायचे कपडे त्या आठवड्यात तसेच राहिले.

जानेवारीतली ती दुपार. तापमान वजा तिसाच्या खाली गेलेलं. रात्री भुरभुर बर्फ पडला होता, हलका, पिठासारखा. पद्मजाबाई पुढचा रस्ता शोव्हल करत होत्या. साइड डोअर नुसतं ओढून घेतलं होतं. हात बधिर व्हायला लागले तशा त्या घराच्या बाजूने आत आल्या.

दारातल्या पायपुसण्यावर बुटांचा एक जोड होता. पुरुषाचे, मोठे, विंटर बूट. टाचा जुळवून नीट ठेवलेले. त्यांच्याभोवती बर्फ वितळून पाणी झालं होतं.

पद्मजाबाई दारातच उभ्या राहिल्या. प्लंबर बोलावला होता का आपण? जाईने कुणाला पाठवलं का? फोन आत ओट्यावर होता. ओट्याकडे जायचं तर बेसमेंटच्या जिन्यासमोरून जावं लागणार होतं. तेवढ्यात जिन्याच्या खालून आवाज आला.

"डॉक्टर? मी खाली आहे. घाबरू नका."

जिन्याच्या तळाशी तो उभा होता. पन्नाशीचा, चष्मा लावलेला, अंगात हाताने विणलेला स्वेटर. पायात नुसते मोजे. हातात हातोडा होता, पण तो विसरून गेल्यासारखा लोंबत होता.

"माझं नाव ग्रेग. मी ब्रॅंडनहून ड्राइव्ह करून आलोय. मला एक साक्षीदार हवाय. तुम्ही खाली याल का?"

"तुम्ही माझ्या घरातून बाहेर जा," पद्मजाबाई म्हणाल्या.

"जाईन ना. आधी भिंत." तो एक पायरी वर आला. "प्लीज."

पळावं असं त्यांना वाटलं. पण पुढे बर्फावर आपण किती पळणार, आणि मागून तो. त्यांनी दाराकडे पाहिलं. थंडीची वाफ आत घुसत होती. या गावात एवढ्या थंडीत कुणी दार उघडं ठेवत नाही.

"दार उघडं राहू दे," त्या म्हणाल्या. "मला दम लागलाय. हवा हवी."

त्याने विचार केला आणि मान हलवली. "ठीक आहे."

त्या जिना उतरल्या. खाली त्याने फोन एका स्टँडवर लावून ठेवला होता. स्क्रीनवर भिंत दिसत होती आणि तिच्याखालून भराभर ओळी सरकत होत्या. कुठली कुठली माणसं बघत होती. 'तीच ती,' असं कुणीतरी लिहिलेलं पद्मजाबाईंनी वाचलं.

विटा लवकर फुटल्या. चुना जुना होता. वर उघड्या दारातून थंड हवा येत होती म्हणून फर्नेस सारखी घरघरत होती. पहिली वीट आत पडली तेव्हा काळी धूळ बाहेर आली आणि पद्मजाबाईंनी, आयुष्यभर काय काय पाहिलेल्या बाईने, डोळे मिटून घेतले. त्या क्षणी बरण्या असतील असंच त्यांना वाटलं. हे त्यांना नंतर कुणालाच सांगता आलं नाही.

त्याने टॉर्च आत घातला. बराच वेळ हलवत राहिला. मग म्हणाला, "बघा."

त्यांनी पाहिलं. कोळशाचा ढिगारा, एक मोडकं फावडं, उंदराने केलेलं घरटं. बाकी काही नाही.

त्या कपड्यांच्या मशीनला टेकल्या. "झालं ना? कोळसा आहे. मी सांगत होते."

ग्रेगने चष्मा काढून स्वेटरला पुसला. तो चिडलेला नव्हता. वाईट वाटल्यासारखा दिसत होता.

"कधी हलवलंत?" त्याने विचारलं.

"काय?"

"इथे होतं ते. व्हिडिओ आल्यावर हलवलंत की आधीच?"

"अहो, ही भिंत तुम्ही फोडलीत. आत्ता. माझ्यासमोर. मी कशी हलवणार?"

"ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे." तो जवळ आला. हातोडा अजून हातात होता. "तुमचे मिस्टर. त्यांना हे पटत नव्हतं ना? ते बोलणार होते."

"त्यांचं नाव घेऊ नका."

"निरोगी माणूस होता. बर्फ काढता काढता अचानक पडला." आवाज एकदम मऊ. "तुम्ही पॅथॉलॉजिस्ट. मग त्यांचं पोस्टमॉर्टेम का नाही केलं?"

पद्मजाबाईंनी तोंड उघडलं आणि शब्दच येईनात. हॉस्पिटलमध्ये त्यांना तसं विचारलं होतं. त्यांनी नको म्हटलं होतं. दुसऱ्या कुणाचंही असतं तर करा म्हणाल्या असत्या.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" अखेर त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," ग्रेग म्हणाला. "तुम्हीच. आत्ता."

तो फोनकडे वळून बोलायला लागला, तिच्या चेहऱ्याकडे बघा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता. वर पायऱ्यांवर बूट वाजले तेव्हाही तो बोलतच होता. ऑल्गाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून उघडं दार पाहिलं होतं, आधी पद्मजाबाईंना फोन केला होता, तो उचलला नाही म्हणून पोलिसांना. फोनवर बघणारे शेकडो होते. त्यातल्या एकानेही कुणाला कळवलं नव्हतं.

पोलिसांना पाहून ग्रेगने हातोडा अलगद फरशीवर ठेवला आणि बूट घालायची परवानगी मागितली.

जाई दुसऱ्या दिवशी विमानाने आली. तिने फर्नेसजवळच्या विटा गोळा केल्या, भगदाडावर प्लायवूड ठोकून घेतलं, आईला सूप करून दिलं, वकिलाशी बोलली. ग्रेगला कोर्टाने घराच्या आसपास फिरकायला मनाई केली. तो शांतपणे हो म्हणाला. पण तोवर त्याचं रेकॉर्डिंग सगळीकडे गेलं होतं. त्या उबदार आवाजाने नवीन व्हिडिओ काढला होता. रिकाम्या खोलीचा फोटो दाखवून तो म्हणत होता, रिकामी खोली हाच पुरावा. भरलेली असती तर एक वेळ शंका घेता आली असती.

कोर्टातून परत येताना जाई गाडी चालवत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, माणसाहून उंच. सिग्नलला थांबल्यावर ती समोर बघतच म्हणाली, "आई, कॅन आय आस्क यू समथिंग?"

"विचार ना."

"बाबांचं पोस्टमॉर्टेम खरंच का नाही केलं?"

पद्मजाबाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं. जाईचे कान लाल झाले होते.

"तू ते रेकॉर्डिंग पाहिलंस."

"पाहिलं. आय नो इट्स क्रेझी, आई. मला माहितीये. पण तू काही बोललीच नाहीस गं त्याला. नुसती उभी होतीस."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला.

"ती चीर कशी घालतात ते मला माहीत आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "खांद्यापासून खांद्यापर्यंत आणि मग खाली. शिकणाऱ्या मुलांना मी दाखवलंय ते. त्याच्या छातीवर मला ते नको होतं. बाकी काही कारण नाही."

जाईने मान हलवली. डोळे पुसले. एका हाताने आईचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. पण पद्मजाबाई सारख्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. हिला पटलं का? किती पटलं? एखाद्या रात्री, पुढे कधीतरी, हिला परत वाटेल का?

मार्चमध्ये घर विकलं गेलं. घेणाऱ्यांना पद्मजाबाईंनी सगळं स्वतः सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं. आता त्या मिसिसागाला अकराव्या मजल्यावर राहतात, जाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. इमारतीला बेसमेंट आहे, पण तिथे फक्त गाड्या असतात. कुणी घरी येणार असलं तर खालून फोन येतो. ओळखीचं नाव असलं तरी पद्मजाबाई आधी विचारतात, बरोबर आणखी कोण आहे.