उत्तरेकडचा जॅक

दुर्बीण चालवायला नवरा आणि तिचा पाया उकरायला बायको, यावरून वेधशाळेच्या घुमटात सगळ्यांनी मनसोक्त थट्टा करून घेतली होती. वर त्याचा संसार, खाली हिचा, असं खुद्द संचालकच म्हणायचे. ताईही हसायची. कामगारांच्या टोळीत तिला सगळे ताईच म्हणत. पूल, बंदरातले धक्के, गिरण्यांची धुराडी, असली बोजड धुडं उचलून त्यांच्याखालचं कुजलेलं काढायचं आणि नवं भरायचं, यातच तिची उमर गेली होती.

दुर्बीण एका गोल पोलादी रुळावर फिरायची. रूळ आणि खालचं काँक्रीट यांच्यामध्ये सिमेंटच्या मसाल्याचा थर होता. वर्षानुवर्षं तेल झिरपून तो भुसभुशीत झाला, आणि फिरता फिरता दुर्बीण त्या जागी किंचित बसायला लागली. तारे जागचे हलल्यासारखे दिसू लागले, तेव्हा कुठे कार्यालयाला जाग आली. मग ठरलं, की जॅक लावून रूळ थोडा थोडा उचलायचा, जुना मसाला फोडायचा, नवा ओतायचा.

दक्षिणेची बाजू बिनबोभाट झाली. उत्तरेला मात्र फोडायची वेळच आली नाही. मसाला नुसता हातात येत होता, काळा, चिकट. तो खरवडून झाल्यावर ताई पोटावर सरपटत रुळाखाली गेली आणि तिने काँक्रीटवर पहार टेकवली. जोर लावला नव्हता. तरी पहार आत गेली.

तेल मसाल्यापाशी थांबलं नव्हतं, खालच्या काँक्रीटच्या पायात उतरलं होतं. आणि त्या बाजूचा सगळा भार आता जॅकवर होता, जॅक त्याच पायावर.

बाहेर येऊन ती आधी जॅकशेजारच्या, रूळ किती खचतोय ते दाखवणाऱ्या डायलपाशी गेली. काटा सरकत होता. टक लावून पाहावं तर थांबलेला वाटे, नजर काढून परत पाहावं तर पुढे गेलेला. तिने टोळीला हत्यारं टाकून निघायला सांगितलं. टोळीतला जॅक सांभाळणारा मामा म्हणाला, अजून थोडा दाब देऊन बघू. तिने मान हलवली. दाब दिला तर दुर्बीण वर येणार नव्हती, जॅकच खाली जाणार होता.

नवरा वर आरशापाशी होता. तिने फोन लावला.

"खाली ये. उत्तर बाजू खचतेय."

तो म्हणाला, "आरशाच्या खिट्ट्या लावलेल्या नाहीत. दुर्बीण कलली तर आरसा घसरेल. लावतो आणि येतो."

"आरसा गेला खड्ड्यात. तू ये."

त्याने फोन ठेवला होता.

सगळे बाहेर गेले, ती दारातच थांबली. वरून एकेक खिट्टी बसल्याचा आवाज येत होता. सावकाश, नीट. त्याला घाई कधी जमलीच नव्हती. मग खालून लाकूड चिरल्यासारखा आवाज आला आणि घुमटातून धूळ झरली. वरचा आवाज बंद झाला.

बऱ्याच वेळाने लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. तो पांढराफटक पडला होता. तिने त्याचं मनगट धरलं ते पार फाटकाबाहेर जाईपर्यंत सोडलं नाही.

दुर्बीण कलली, पण पडली नाही. टोळीने पायाबाहेरच्या घट्ट जमिनीवरून पोलादी तुळया घालून तिला टेकू दिला. संचालकांनी विचारलं, काम पुन्हा कधी सुरू होईल. ताईने सांगून टाकलं, की हा पाया भरून निघणार नाही. आरसा उतरवा आणि दुर्बीण वरून सुटी करत खाली आणा. संचालकांनी मोठ्या आशेने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याची अर्धी नोकरी त्या दुर्बिणीपाशी गेली होती.

"ती म्हणते तसं करा," तो खाली बघत म्हणाला.

पण वरच्या मंजुरीला वेळ लागणार होता. तोवर ताई एकटीच आत जाऊन डायल बघून यायची. एकदा ती घरी परतली, तेव्हा तो स्वयंपाकघरात पाठमोरा भांडी घासत होता. मागे न वळताच त्याने विचारलं,

"तुळया घातल्यावर खचायचं थांबलंय ना?"

"नाही," ती म्हणाली.